टॉक्सिक काका

जगात बिनविषारी अशी एकही वस्तू उरलेली नाही, आणि चुकून उरलीच असेल तर ती आमच्या चुलतसासऱ्यांनी अजून उलटसुलट करून पाहिलेली नाही. माझ्या नवऱ्याचे हे काका इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेलाच, आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायचे. केमिकल इंजिनियर. सरकारी नोकरीतली उभी हयात घातक रसायनं आणि कचरा यांवरच्या आंतरराष्ट्रीय बैठकांत गेली, त्यामुळे रिटायर झाल्यावर ती सगळी बैठक आमच्या डोक्यावर येऊन बसली. कुणाकडे जेवायला गेले की यजमानांना नमस्कार करायच्या आधी सिंकखालचं कपाट उघडायचे. डांबराच्या गोळ्या, झुरळांचा खडू, कुणाच्या माहेरून आलेला पाऱ्याचा थर्मामीटर, सगळं जप्त! बरं, जप्त केलेलं कचऱ्यात टाकतील तर शपथ. काउंटीचा घातक कचरा गोळा करायचा शनिवार उजाडेपर्यंत तो ऐवज त्यांच्या गराजमध्ये लेबलं लावून मुक्कामाला असायचा. काकू म्हणायच्या, "माझी गाडी बर्फात आणि लोकांचं ढेकणांचं औषध आत. हा माझा संसार!" मराठी मंडळातली पोरं त्यांना तोंडावर 'टॉक्सिक काका' म्हणायची, आणि काकांना तो किताब वाटायचा.

मतदान हा शब्द त्यांना वर्ज्य. "देशादेशांत हात वर करून काही होत नसतं, एकमत व्हावं लागतं," असं म्हणून मंडळाच्या गणपतीत थर्माकोलच्या प्लेट्स की स्टीलची ताटं यावर त्यांनी एकमत घडवलं, तोवर मसालेभात गार ढोण झाला. शेवटी ग्लासवर चमचा वाजवून, "आक्षेप नाही? संमत!" पण पंगत उठल्यावर बाह्या सरसावून ताटं घासायला पहिले तेच उभे राहिले, हेही सांगायला हवं. घातक कचरा परदेशी पाठवण्यावरच्या करारावर अमेरिकेने सही तर केली, पण त्याला मान्यता काही दिली नाही, असं कुणी डिवचलं की म्हणायचे, "साखरपुडा झालाय. लग्नाचं बघू." याच कराराच्या बैठकांत त्यांनी पुण्याचा आपला कॉलेजातला जिवलग मित्र गमावला होता. तो भारताच्या बाजूने बसायचा, हे अमेरिकेच्या. जुने कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी म्हणून बाहेर पाठवले तर तो माल, असं काकांनी मांडलं. मित्र म्हणाला, तो कचरा. झालं! एकमताचा एवढा मोठा पुजारी, पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

माझा ओजस दीड वर्षाचा झाला तरी 'आई'च्या पुढे शब्द काढेना. "मुलगे उशिराच बोलतात गं," असा सगळ्या मावश्यांनी धीर दिला. मग डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासणीत त्याच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं, हे काकांची भाषणं ऐकून मला तोंडपाठ होतं. पोर बोलेल ना, एवढा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता. नवऱ्याने फोन केला तसे काका घरातल्या सपातांवरच बर्फ तुडवत आले. खिडक्यांचा रंग, खेळणी, हळद, देवापुढचं कुंकू, सगळं धुंडाळलं. कशातच काही सापडेना. मग म्हणाले, "तू रोजच्यासारखा स्वयंपाक कर. मी नुसता बसतो."

काका नुसते बसणार, हे ऐकूनच मला धडकी भरली. मी ओजसचं लाडकं आमसुलाचं सार पितळेच्या पातेल्यात उकळायला ठेवलं. सार-भात हेच त्याचं दोन्ही वेळचं जेवण, आणि सकाळचं सार संध्याकाळपर्यंत त्याच पातेल्यात असायचं. काका उठून पातेल्यात डोकावले.

"हे कधी आणलंस?"

"गेल्या वर्षी, पुण्याहून. तुम्हीच नाही का माझी सगळी नॉनस्टिक भांडी काढायला लावलीत? म्हणून मुद्दाम चांगली कल्हई करून आणलं."

काका मटकन खुर्चीत बसले. "कल्हईच्या कथलात शिसं मिसळलं असेल तर ते आंबटात उतरतं. अगं, तवे टाक म्हणालो, पण त्यांच्या जागी काय आणलंस ते विचारलंच नाही मी." मी कितीही समजावलं तरी मान वर करेनात. मला त्यांची फार दया आली.

पातेलं लॅबमध्ये तपासायला दिलं, तर तेच निघालं. मी रडतरडत ओरडले, "हे आत्ताच्या आत्ता पुण्याला पाठवते आणि त्या दुकानदाराच्या टाळक्यात हाणायला सांगते!" तर काका कळवळून म्हणाले, "नको गं, कचरा सीमेपार पाठवायचा नाही." त्या अवस्थेतही मला फसकन हसू आलं. आणि मग त्यांनी, इतक्या वर्षांनी, मित्राला फोन लावला. मित्र त्याच दिवशी रिक्षा करून दुकानात गेला, तिथून कल्हईवाल्याकडे. कल्हईवाला बिचारा स्वस्त मिळतं म्हणून भंगारवाल्याकडून कथील घेत होता, आणि भंगारवाला ते परदेशातून आलेल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या शिसं मिसळलेल्या सोल्डरमधून वितळवून काढत होता. फोन स्पीकरवर होता. मित्राने एवढं सांगून विचारलं, "मग? माल की कचरा?"

काकांनी डोळे मिटले. "कचरा. तुझंच खरं होतं रे."

मला वाटलं, आता हा गृहस्थ वचपा काढणार. तो म्हणाला, "ते राहू दे. नातू कसा आहे?"

त्यानंतर मित्राने तिकडे कल्हईवाल्यांना गाठून शुद्ध कथील कुठून घ्यायचं ते लावून दिलं, आणि काकांनी इकडे ओक ट्री रोडवरची देशी दुकानं आणि आमच्या ओळखीतली यच्चयावत पितळी भांडी तपासायला लावली. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे दोन म्हातारे व्हॉट्सअ‍ॅपवर रोज भांडतात, एवढं मला कळलं. ओजसचं शिसं दर तपासणीला खाली येत गेलं. "आता काळजीचं काही दिसत नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मोठ्याने रडले. हुश्श! असं मोकळं रडू आयुष्यात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी काका-काकू लांब ट्रॉयला मुलीकडे राहायला गेले. आता माझं सिंकखालचं कपाट कुणी उघडत नाही, आणि कधीकधी मीच ते उगाच उघडून बघते. रविवारी त्यांचा फोन येतो. मी फोन ओजसच्या हातात देते. तो डायनासोर, शाळा, मांजर, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी, श्वास न घेता सांगत सुटतो, आणि पलीकडून चकार शब्द येत नाही. परवा मला वाटलं लाइन कट झाली, म्हणून मी फोन घेऊन "काका, आहात ना?" विचारलं.

"आहे गं," काका म्हणाले. "त्याला दे परत. बोलू दे."