धावपट्टीवरची शितं

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आधी मामीला उलट फोन लावून खात्री करून घेतली. रडता रडताही ती म्हणाली, "त्याईचाच भाचा हायेस बापा, दुसऱ्याचा नाई." महिना होत आला त्याला. काय करणार… शंका घेणं हे आमच्या आजोळचं दुखणंच आहे.

चंद्रपूरकडच्या एका लहानशा धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक दोन आसनी विमानं उडवायचे आणि मामा तिथली पाखरं हाकायचे. टिनाचा डबा, सुतळी बॉम्ब आणि साऱ्या जगावर संशय, एवढंच त्यांचं सामान. पाखरं आपणहून येत नाहीत, कुणीतरी त्यांना खायला घालतं, हे त्यांचं ठाम मत. मी ब्रह्मपुरीहून गेलो की आधी खिसे उलटे करायला लावायचे. एकदा मुरमुरे निघाले. "तू भाचा हायेस का पाखराईचा हेर?" पन्नाशीचा, टकला मी… पोरासारखा मान खाली घालून उभा!

मग एका सकाळी विमान उडतानाच पारवा आदळला. समोरची काच फुटली. शिकणारी पोरगी रक्ताळलेल्या कपाळानं कशीबशी उतरली, वाचली. मामांनी मेलेला पारवा उचलला, तर त्याच्या फाटलेल्या गळ्यातून भाताची शितं निघाली. शेतातलं धान नव्हे, शिजलेला भात! आणि पट्टीलगत चूल एकच होती… मामांची.

"शिळा भात कुठी जाते वं?" त्यांनी घरी येऊन मामीला विचारलं.

"कोंबड्याईले टाकतो."

"कोंबड्या त होळीलेच खाल्ल्या आपण."

मामी चुलीतली राख ओढायला लागली. त्या दिवसापासून मामा रोज चुलीवरचा भाताचा गंज तळापर्यंत पुसून रिकामा करूनच उठायचे. डॉक्टरांनी साखरेपायी भात बंद केला, तरी यांचा सुटेना. मामी मोजून-मापून शिजवायची. तिनं कुठं लपवला तर नाही ना, म्हणून हे एकेक झाकण उचलून पाहायचे. साखर चढत गेली. त्यांना भातानं नेलं की संशयानं, मला अजून उमगलेलं नाही.

दहाव्याला पट्टीमागच्या नाल्याकाठी पिंड ठेवला. तोही भाताचाच. कावळे झाडावरून हलेनात. मामांचं काय राहून गेलं असेल, अशी कुजबुज सुरू झाली. बऱ्याच वेळानं एक कावळा खाली आला, आणि तेवढ्यात वर शिकाऊ विमानाची घरघर ऐकू आली. मामी ताडकन उठली, टाळ्या वाजवत कावळ्यावर धावली.

"वैनी, काय करून राह्यल्या? भाऊ अडकून पडतीन ना!" धाकटे मामा ओरडले.

"पडू दे घडीभर. आधी ते लेकरू खाली उतरू दे."

मग आम्ही सगळेच आभाळाकडे बघत कावळे हाकत उभे राहिलो… घरघर थांबली. मामी पिंडासमोर बसली, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मीच टाकत होतो जी. तुमाले तवाच सांगाले पायजे होतं."

पुढं कावळा आला की नाही, मी पाहिलं नाही. मी मामीकडे पाहत होतो.