पायथन आमच्या घरी कसं बोलायचं

आमची लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला शिकवायची खाज सुटली. स्वतः जे शिकेल ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला जेवण जाईना. घरात गिऱ्हाइकं दोनच, मी आणि तिची आई. आईनं "मला कुकर लावायचाय" म्हणून अंग काढून घेतलं. राहिलो मी. मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात तयार शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे दांडे, मोजायचो. माप ठरलेल्या हद्दीत बसलं तर पुढे पाठवायचा, नाही बसलं तर बाजूला काढायचा. दिवसभर लोकांच्या मालाला नाही म्हणून म्हणून माझा स्वभावही तिरसट झाला होता, असं घरचे म्हणायचे. मला तसं वाटत नाही.

तिनं लॅपटॉपवर पायथनची खिडकी उघडून दिली. पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा. या खिडकीत एक ओळ लिहून एंटर दाबलं की खाली लगेच उत्तर हजर. बेरीज विचारा, आकडा येतो. माप हद्दीत आहे का विचारा, तर इंग्रजीत ट्रू नाहीतर फॉल्स. बास, पुढे एक शब्द नाही.

"हे लई तुटक बोलतंय," मी म्हणालो. "आमच्या मोठ्या सायबासारखं."

ती हसली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली. दोन-तीन दिवसांनी मला पुन्हा खुर्चीवर बसवलं.

"पप्पा, आता इचारा."

मी एक माप टाकलं आणि हद्दीत आहे का विचारलं. खाली उमटलं, "व्हय पप्पा." मी मुद्दाम जाड माप टाकलं. "नाय ओ. परत मोजा."

मी खुर्चीवरून उठलोच. आईला हाक मारली. तीही पिठाच्या हातानं येऊन बघून गेली. लेक मला समजावून सांगत होती की उत्तर आतल्या आत तेच असतं, फक्त ते पडद्यावर कसं दाखवायचं हे ठरवणारी एक जागा पायथनमध्ये असते आणि ती आपल्याला बदलता येते. तिथं तिनं स्वतःचं लिहून ठेवलं होतं. खिडकी उघडली की ते आपोआप लागू व्हायचं. मापांची लांबलचक यादी आधी एकाच ओळीत कोंबलेली यायची, ती आता माझ्या चष्म्याला झेपेल अशी एकाखाली एक यायला लागली. आणखी एक गोष्ट होती. काही कामांना उत्तरच नसतं. मापं चढत्या क्रमानं लाव म्हटलं की पायथन ती लावतं आणि गप्प बसतं. आमच्या लेकीला गप्प बसणं कधी जमलं नाही. तिथं तिनं लिहिलं होतं, "झालं बगा. च्या घेता का?"

एकदा मी तीनातून दोन वजा केले. उत्तर आलं, "व्हय पप्पा." दोनातून दोन वजा केले. "नाय ओ. परत मोजा."

"ह्याला पहिलीत बसवा," मी म्हणालो.

लेक पोट धरून हसत सुटली. "पायथनच्या लेखी एक आन् व्हय सारखंच असतंय पप्पा, शून्य आन् नाय सारखंच. माझ्या ध्यानातच नाय आलं." नीट करते म्हणाली. मी म्हटलं राहू दे, एवढं हसायला दुसरीकडे कुठं मिळणार? त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दोघं मुद्दाम उत्तर एक येईल अशी गणितं शोधून घालत बसायचो. तिची आई म्हणायची, "बापलेकीला येड लागलंय."

मग तिचं शिक्षण संपलं. आधी पुणे, मग परदेश. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो असा देश. रविवारी फोन यायचा. गोळ्या घेता का, चालायला जाता का, सगळं विचारायची. मी उत्तरं द्यायचो. मग ती दमलेली असायची आणि माझ्याकडेही सांगण्यासारखं काही उरलेलं नसायचं, म्हणून फोन आईकडे जायचा.

मी मात्र पहिल्या पाळीवरून आलो की हातपाय धुवून तिनं घरीच ठेवलेल्या लॅपटॉपवर त्या खिडकीपुढे बसायचो. गरज काहीच नव्हती. कारखान्यात नवीन यंत्र आलं होतं, ते माप घेऊन हिरवा-लाल दिवा स्वतःच लावायचं. मी घरी उगीच मापं टाकायचो, चांगली टाकायचो, वाईट टाकायचो, यादी लावायला सांगायचो. खरं सांगतो, मला पोरीची फार आठवण यायची. फोनवर यायची ती नोकरीवाली बाई होती, शहाणी, जपून बोलणारी. खिडकीत अजून कॉलेजातली होती.

"पोरीला फोन लावा की," बायको म्हणायची. "त्या डब्याकडून काय बोलून घेता?"

"तिथं आता हापिसाची येळ आसंल," मी म्हणायचो. ते खरंही असायचं.

पुढे एक दिवस लॅपटॉप सुरूच होईना. दुकानदारानं खोलून बघितला आणि आतलं काही निघणार नाही म्हणाला. नवीन डिस्क घातली. लेकीनं तिकडे बसल्या बसल्या इंटरनेटवरून आमचा लॅपटॉप हातात घेतला. माझा हात माउसवर नव्हता आणि पडद्यावरचा बाण इकडून तिकडे पळत होता. बायको पदर तोंडाला लावून बघत उभी राहिली. दोघांनाही वाटलं, पोर घरातच कुठंतरी आहे. तिनं पायथन बसवलं आणि फोनवर म्हणाली, "टाकून बघा पप्पा."

मी माप टाकलं. ट्रू.

"चालतंय ना?"

"चालतंय," मी म्हणालो. तिला आठवलंच नव्हतं. ती कामात होती, तिला का थांबवायचं.

तो आठवडा मला अवघड गेला. खिडकी दोनदा उघडली आणि मिटली. पुढच्या रविवारी फोन आईकडे द्यायच्या आधीच मी बोलून टाकलं. "ते पहिलं बोलणं पायजे मला."

"कुठलं बोलणं?"

"पायथनचं. तू लिवलेलं."

"अय्या, ते अजून होतं?" ती हसली. छान हसली. "करते ना परत, पाच मिनिटांचं काम आहे. पण माझ्याकडे ते कुठेच नाही. मी काय लिहिलं होतं, तुम्हीच सांगा."

बाण पुन्हा पळायला लागला. तिनं टाइप केलं, "हो पप्पा."

"हो नाय. व्हय."

तिनं बदललं. पुढे लिहिलं, "नाही. पुन्हा मोजा."

"नाय ओ. परत मोजा."

"बरं. आणि उत्तर नसेल तेव्हा?"

"झालं बगा. च्या घेता का?"

"च्या?" ती थांबली. बाणही थांबला. "मी असं बोलायचे पप्पा?"

"आसंच बोलायचीस."

"कधी सुटलं काय माहीत," ती म्हणाली, आणि मी सांगितलं तसं अक्षर न् अक्षर लिहिलं. आपल्या कामात ती फार चोख आहे. शेवटी म्हणाली, "आणि आधी उत्तर एक आलं की व्हय म्हणायचं ना, ती चूकही काढून टाकलीय. आता बरोबर येईल."

मी फोन आईकडे दिला. त्यांचं झाल्यावर मी पुन्हा लॅपटॉपपुढे बसलो, चार-पाच मापं टाकली आणि चढत्या क्रमानं लावायला सांगितली. खाली उमटलं, "झालं बगा. च्या घेता का?"

बायको मागून वाकून बघत होती. "आलं की सगळं माघारी."

"आलं."

"मग तोंड पाडून का बसलात?"

"हे मी सांगितलेलं बोलतंय," मी म्हणालो. "ती नाय बोलत."