‘होणार नाही’ म्हणणारे उमेदवार

आमच्या जेल रोडच्या वॉर्डात ‘नाही’ म्हणत मतं मागणारा एकच माणूस होऊन गेला. छापखान्यातून निवृत्त झालेले आबा. कुणी काम घेऊन आलं की ते चष्मा पुसत आणि निकाल आधीच सांगून टाकत, "होणार नाही. पण चल, विचारून येऊ." मग उन्हातान्हात त्याच्याबरोबर पालिकेच्या कचेरीत जात.

त्यामुळे बुद्धविहाराजवळची वस्ती असो, बंगलेवाले असोत की सुरगाण्याहून बांधकामावर आलेली कुटुंबं, आबा सगळ्यांचे होते. त्यांनी उभं राहावं असं लोकांनीच ठरवलं. आबांनाही निवडून यायची फार हौस होती. अर्ज भरायच्या आधीच त्यांनी नवा पांढरा झब्बा शिवून घेतला.

पंचाईत प्रचारात झाली. पहिल्याच इमारतीत एका बाईंनी औक्षणाचं ताट हातात धरून विचारलं, "आबा, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेल ना?"

"नवी टाकी झाल्याशिवाय नाही. आणि टाकी एवढ्यात होत नाही."

बाईंनी ताट आत नेलं.

मग प्रचाराला बरोबर फिरणाऱ्या आम्ही पोरांनी ठरवलं, आबांनी फक्त हात जोडायचे, बोलायचं मी. पुढच्या चाळीत मी ठोकून दिलं, "आबा आले की दोन महिन्यांत पाणी!" लोक हसायला लागले. वळून पाहतो तर आबा हात जोडून, तोंड मिटून उभे, आणि मान मात्र ठामपणे ‘नाही नाही’ करतेय.

"अहो, मान तरी आवरा!"

"बोलू नका म्हणालास. बोललो का मी?"

आबा पडले. महिन्याभरात पाणी देतो म्हणणारा निवडून आला. त्या संध्याकाळी आबा झब्ब्यातच ओट्यावर बसून होते. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही फार वाटत होतं.

आठवड्याने ताट आत नेणाऱ्या त्याच बाई आबांच्या दारात. सासूबाईंच्या पेन्शनचं अडलं होतं. "आबा, तुम्हीच चला. ते नवे साहेब सगळ्यालाच हो म्हणतात, काही कळत नाही."

मी चिडून विचारलं, "मत कुणाला दिलंत?"

"त्यांनाच. पाणी देतो म्हणाले ना."

आबांनी चष्मा पुसला. "होणार नाही," म्हणाले, आणि पायात चपला सरकवल्या.

आता आबा नाहीत. परवा नवा उमेदवार आमच्या जिन्यात उभा राहून ‘पाणी देतो’ म्हणाला. बाईंनी आणि मी, दोघांनीही नकळत त्याच्या मागे पाहिलं. मागे सगळे ‘हो हो’ करत माना डोलावत उभे होते.