बालटीत बुडवलेला बॉल

आधी बॉल बालटीत बुडवला. मग तीच बालटी माझ्या डोक्यावर ओतली.

दिवाळी होऊन गेली होती. पाणी गार होतं. लुगडं अंगाला चिकटलं आणि सगळं मैदान हसलं. गिरणीच्या रीलिंग खात्यात माझ्या शेजारी उभ्या राहून सूत गुंडाळणाऱ्या बायाही तोंडाला पदर लावून हसल्या.

ओतायला लावणारा गिरणीचा, हजेरी मांडणारा टाइमकीपर. तोच टीमचा सेक्रेटरी. खेळाडूंना पाणी पाजणाऱ्या गड्याला तो म्हणाला, "हिलेही धू. बॉल धुतला, मंग बाटवणारी काऊन कोरडी ठेवतं?"

माझा बा धावत आला. मला वाटलं, मला घेऊन जाईल. त्यानं टाइमकीपरपुढे हात जोडले. "पोट्टी येडी आहे साहेब. माफ करा."

मी येडी नव्हते. सतरा वर्षांची होते, चौथी शिकलेली होते आणि त्या मैदानावर कोणाहून कमी फुटबॉल पाहिलेला नव्हता.

पुलगावच्या गिरणीचं ते मैदान इंग्रजाच्या काळातलं. एका अंगाला टिनाचं पॅव्हेलियन, त्यात बाबू लोकांच्या खुर्च्या. दोन बाजूंना बाकीचे लोक. चौथ्या बाजूला, गोलाच्या मागं, एक नाली होती. नालीच्या पलीकडं आम्ही. महारवाड्यातले. बा गोदामात गाठी उचलायचा. मी लहान असल्यापासून तो मला खांद्यावर घेऊन त्या नालीपाशी उभा राहायचा. पायात जोडा नसलेला माणूस मॅच चुकवत नव्हता.

आमच्या बाजूला एक रीत होती. बॉल नाली ओलांडून आला की आम्ही मागं सरायचं आणि ओरडायचं, "बॉल आला!" मग तिकडून कोणीतरी यायचं, बॉल उचलून न्यायचं. तोवर आम्ही त्या बॉलकडं बघत उभे. साप निघाला की माणसं उभी राहतात तसे.

बॉल कातड्याचा. मेलेलं ढोर ओढून न्यायला गावाला माझा आजा लागायचा. तेव्हा कातडं आमचं. त्याच्यात हवा भरली की त्यांचं.

त्या दिवशी फायनल होती. नागपूरची टीम आली होती. दोघांचाही गोल नव्हता आणि थोडाच वेळ उरला होता. नागपूरवाल्याच्या पायाला लागून बॉल बाहेर गेला. आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल नाली ओलांडून घरंगळत आला आणि माझ्या पायाशी थांबला.

आमची माणसं मागं सरली. "बॉल आला!" ओरडली. उचलायला येणारा दूर पॅव्हेलियनपाशी. कॉर्नर मारणारा आमचा खेळाडू झेंड्यापाशी उभा राहून दोन्ही हात हलवत होता. तो मला बघून ओरडला, माझ्याच डोळ्यांत बघून. "मार ना व! लवकर मार!"

मी मारला. अनवाणी पायानं. बॉल नालीवरून गेला आणि बरोबर त्याच्या पुढ्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी बघितलं, कोणी मारला.

टाळ्या थांबल्या. टाइमकीपर खुर्चीतून उठून मैदानात आला. पाणीवाल्याची बालटी मागवली. नागपूरचा रेफरी म्हणाला, "अरे भाई, टाइम जा रहा है." टाइमकीपर म्हणाला, "जाने दो." आणि बॉल त्या बालटीत बुडवला. नुसतं पाणी शिंपडलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यानं तो दाबून धरला, दोऱ्या बांधलेली बाजू खाली करून, बुडबुडे येईपर्यंत. मग मला नालीच्या अलीकडं बोलावलं. पुढचं सांगितलंच आहे.

"मार ना व" म्हणणारा खेळाडू तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती. मी बघितली होती.

आता बॉलचं ऐका. तेव्हाचा बॉल पाणी प्यायचा. पावसात तो दगडासारखा जड व्हायचा. त्याची शिवण कोरडी राहावी म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी त्याला तेल चोळून ठेवायचे. गावातलं शेंबडं पोर हे सांगू शकत होतं. टाइमकीपरला माहीत नव्हतं असं नाही. पण विटाळ आठवला की त्याला दुसरं काही आठवत नव्हतं.

कॉर्नर मारला. बॉल उठलाच नाही. गोलापर्यंतही गेला नाही. मध्येच धप्पकन पडला, नागपूरवाल्याच्या पायात. त्यांनी तो उचलून मारलाच नाही. जमिनीवरून, एकमेकांना देत देत, घेऊन पळाले. आमचे सगळे पुढं गेलेले. मागं एकटा गोलकीपर.

गोल झाला. शिट्टी झाली. हरलो.

मी ओल्या लुगड्यात उभी होते. मलाही रडू आलं, ते हरल्याचं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "महारणीनं पाय लावला, तवाच समजलो." मग तेच सगळे बोलू लागले. ज्यानं बॉल भिजवला तोही.

घरी जाताना बा एवढंच बोलला. "तू हात काऊन लावला त्याले?"

"हात नाई लावला बा. पाय लावला."

तो हसला नाही.

सोमवारी गिरणीच्या गेटवर टाइमकीपरनं माझा हजेरीचा बिल्ला हातात धरून ठेवला. बिल्ला मिळाल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. तो म्हणाला, "मैदानावर नारळ फोड. सगळ्या टीमच्या पाया पड. मंग घेजो बिल्ला."

बा माझ्या मागं उभा होता. त्यानं माझा दंड दाबला. "हो म्हण पोरी."

मी म्हटलं, "बॉल कोणं भिजवला?"

"काय?"

"कोरडा होता तवा मी मारला, तर बराबर गेला. तुम्ही बुडवला, मंग नाई उठला. माफी तुम्ही मांगा. टीमची."

गेटवर रांग होती. टाइमकीपरनं बिल्ला खिशात घातला.

तो बिल्ला मला परत मिळाला नाही. मी कापूस वेचायला जाऊ लागले. बा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. मग बोलला तेही, "एक नारळ तं फोडायचा होता." मला त्याचा राग आला आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. त्या पाण्यापेक्षा त्याचे जोडलेले हात मला जास्त लागले.

महिन्याभरानं परत मॅच होती. मी गेले. बा नालीच्या पलीकडं थांबला. मी नाली ओलांडली आणि कॉर्नरच्या झेंड्यापाशी जाऊन उभी राहिले. बा मागून म्हणत होता, "पोरी, मागं ये. मागं ये व."

टाइमकीपर आला. "इथं काऊन उभी आहेस? मागं सर."

मी म्हटलं, "बॉल आला तं मारीन. बालटी भरून ठेवा."

त्यानं खेळाडूंकडं बघितलं. खेळाडूंनी त्याच्याकडं बघितलं. त्यांचा कप्तान हळूच म्हणाला, "बॉल भिजवू नका, साहेब." माझ्याबद्दल तो काहीच म्हणाला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल आला. मी मारला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी पाणीही आणलं नाही.

त्यांच्या मनातला विटाळ गेला होता, असं कोणी समजू नये. त्यांना हरायची भीती वाटली. माझ्यापेक्षा ओल्या बॉलची जास्त. मला ते तिथंच समजलं. हे लोक लाजेनं सुधारणार नाहीत. आपण जागा सोडायची नाही, आणि त्यांचं काय बुडेल ते तोंडावर सांगायचं. पुढच्या साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाची वाट बघत मी नालीपलीकडं थांबले नव्हते.

पॅव्हेलियनमध्ये लाकडी फळी होती. कोणत्या साली कोण जिंकलं, त्यावर लिहायचे. त्या सालापुढं लिहिलं, उपविजेते. का हरले, ते लिहिलं नाही.

बॉल चांगला होता. मी मारला तेव्हा कोरडा होता. बुडवला त्यांनी, आणि पाणी पडलं ते माझ्या अंगावर.