घरून वाचून या

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा असा आहे, की तो जवळ आला की माझा घसा बसायचा. जननाचा धडा. जबलपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे, आणि जवळजवळ ही सगळी वर्षं हा धडा मी एकाच पद्धतीने उरकला. फुलाचा उभा छेद फळ्यावर रंगीत खडूंनी मन लावून काढायचा. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण, सगळं नीट. मग माणसाचं पान आलं की घड्याळाकडे बघून म्हणायचं, "ये वाला घर से पढ़कर आना, सरल है." मुली माना खाली घालून हसायच्या. दुसऱ्या दिवशी मी कोणाला काही विचारायची नाही, सरळ पुढचा धडा सुरू करायची. शाळेतल्या बाकीच्या बायाही असंच करायच्या, त्यामुळे कोणी कोणाला बोल लावायचा प्रश्नच नव्हता.

मी लग्न केलं नाही. का केलं नाही, याची चौकशी आता आमच्या मराठी मंडळींनीही सोडली आहे. बिनलग्नाच्या बाईला मोकळा वेळ फार असतो अशी घरादाराची समजूत असते, म्हणून म्हाताऱ्यांची आजारपणं, नातेवाइकांची मुलं, बँकेची कामं, सगळं आपोआप माझ्या दारी येतं. धाकटा भाऊ सिहोऱ्याला असतो, त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. त्याची मुलगी शिकायला म्हणून नववीत माझ्याकडे आली ती आजतागायत माझ्याकडेच आहे. दहावीला ती माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. घरी आत्या आणि शाळेत मॅडम म्हणताना ती कधी चुकली नाही. माझी तिच्यावर माया आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही, ते आमच्या घरात सांगत नाहीत.

ती बावीस वर्षांची असताना तिच्या गळ्याशी गाठ आली. आधी वाटलं दाताचं काही असेल. मग तपासण्या झाल्या, छातीतही गाठी निघाल्या, आणि कॅन्सर हा शब्द आमच्या घरात येऊन बसला. डॉक्टरांनी धीर दिला. बरी होईल म्हणाले, पण औषधं जोरदार द्यावी लागतील. ती खाली रक्त द्यायला रांगेत उभी होती तेव्हा त्यांनी भाऊ, भावजय आणि मला आत बोलावलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. या औषधांनी मुलीचे अंडाशय कायमचे निकामी होऊ शकतात. उपचार सुरू व्हायच्या आधी बीजं काढून गोठवून ठेवता येतात, म्हणजे पुढे कधी आई व्हायचं झालं तर निदान एक वाट राहते. त्याला दहा-बारा दिवस इंजेक्शनं लागतात. मी दोन आठवडे थांबू शकतो, ते म्हणाले, त्याहून जास्त नाही. मुलगी सज्ञान आहे, तिला विचारा, तिलाच ठरवू द्या.

आम्ही बाहेर आलो. भावजय पदराने डोळे पुसत होती. बिनलग्नाच्या मुलीच्या अंगाला तिथे हात लावतील का, हे तिने मला दोनदा विचारलं. भाऊ जिन्याजवळ थांबला.

"ताई, तिला काही सांगू नको," तो म्हणाला. "पोर आधीच घाबरून राहिली आहे. आणि ही गोष्ट बाहेर गेली तर लग्न कोण करणार तिच्याशी?"

मी म्हणाले, बघते. आमच्याकडे बघते म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं.

खरं सांगायचं तर मला भावाचा राग आला नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्याने मना केलं म्हणून मी गप्प आहे, अशी मला सोय झाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. मी तर ते लोकांनाही सांगितलं नव्हतं.

भाऊ-भावजय संध्याकाळच्या बसने सिहोऱ्याला परत गेले, दुकान बंद ठेवून चालत नाही. मग पाच दिवस मी तिच्याबरोबर एका तपासणीहून दुसऱ्या तपासणीला फिरत राहिले. सकाळी अर्धी शाळा, मग हॉस्पिटल, मग रिपोर्टांची रांग, मग घरी येऊन खिचडी. एका दुपारी आम्ही बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो, हॉस्पिटलात घालायला पुढून उघडणारे सुती सदरे घ्यायला. परतताना ई-रिक्षात सांगायचं, असं मी दुकानातच ठरवलं होतं. पण रिक्षावाला समोरच होता, आणि दोन बाया आपल्या पिशव्या सांभाळत आमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेल्यावर दूध उतू गेलं.

रोज संध्याकाळी जेवताना ती मला एकच प्रश्न विचारायची. "आत्या, डॉक्टर और कुछ बोले क्या?"

"नाही गं, काही नाही. जेव तू."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटायचं पोरीला भीती वाटते आहे, आणखी काही वाईट निघालं का म्हणून विचारते आहे. मी तिच्या ताटात तूप वाढायची. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही मी तूपच वाढलं.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकत्र आत बोलावलं. रिपोर्ट चाळून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि तिला विचारलं, "तो बेटा, क्या सोचा आपने?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बघत राहिली. मी जमिनीकडे बघत होते. तिथे एक फरशी तडकलेली होती, ती मला अजून आठवते.

डॉक्टर काय ते समजले. "मॅडम, आप तो बायोलॉजी पढ़ाती हैं न?" एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं असावं. मग त्यांनी एका चिठ्ठीच्या पाठीवर पेनाने आकृती काढली. गर्भाशय, दोन नळ्या, दोन अंडाशय. औषध कुठे काय करेल, सुई कुठून जाईल, किती दुखेल, काय मिळेल आणि काय मिळणारही नाही, सगळं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. इतकी साधी आकृती होती. मला ती डोळे मिटून काढता आली असती.

"करवाना है," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पप्पांना मी सांगते."

तिने हॉस्पिटलच्या आवारातूनच भावाला फोन लावला. तो बराच वेळ बोलला असावा, कारण ती बराच वेळ फोन कानाला लावून येरझारा घालत होती. शेवटी ती त्याला म्हणाली की लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू, हे शरीर माझं आहे आणि मी हो म्हणून आले आहे. त्यानंतर भावाने विरोध केला नाही. भावजयीने संध्याकाळी मला फोन करून विचारलं की इंजेक्शन पोटात देतात ते खरं का, आणि फोनवरच रडली.

सातव्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू झाली. रोज संध्याकाळी सातला, बेंबीच्या बाजूला. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं होतं, म्हणून दह्याच्या पातेल्याशेजारी त्याला जागा केली. नर्सने एकदा दाखवलं, पुढची मी दिली. एके काळी प्रयोगशाळेत बेडूक कापून दाखवलेली बाई मी, पण तिच्या पोटाची चिमूट धरली की माझे डोळे आपोआप मिटायचे. ती म्हणायची, आत्या, तू डोळे मिटून देऊ नको म्हणजे झालं. मी हसायची, सुई टोचायची, मग कणीक मळायला जायची. त्या दिवसांत मी इतकी थकले होते की वर्गात हजेरी घेताना एकच नाव दोनदा घ्यायची. आणि थकव्याच्या खाली एक चीड होती. ती भावावर काढता येईना, डॉक्टरांवर काढता येईना. ती माझ्यावरच होती, आणि आपलेच दात आपलेच ओठ, काढणार कुठे.

दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी व्हायची. बीजं वाढत होती, पण हळू. तेवढ्यात तिला जिना चढताना धाप लागायला लागली. छातीतली गाठ वाढत होती. आणखी चार दिवस मिळतील का, असं बीजं गोठवणाऱ्या क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी कॅन्सरच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन करून विचारलं. ते नाही म्हणाले. दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, आता मुलीचा जीव आधी.

पंधराव्या दिवशी सकाळी बीजं काढली. भाऊ-भावजय आले होते. आम्ही तिघं बाकावर एका ओळीत बसलो होतो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळं नीट झालं. ठेवण्याजोगी बीजं तीन मिळाली. बाकीची लहान होती. "तीन-चार दिन और मिल जाते तो अच्छा रहता," त्या म्हणाल्या. त्यांना पहिल्या पाच दिवसांचं काही माहीत नव्हतं. भाऊ हात जोडून त्यांचे आभार मानत होता. मी हिशोबात कधी कच्ची नव्हते.

दुसऱ्या दिवशी केमो सुरू झाली. पुढचे महिने कसे गेले ते मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालं आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना ते माहीत नसावं. केस गेले, वजन गेलं, तोंडाची चव गेली, आणि मग एकेक करून परत आलं. पाळी मात्र अजून आपल्या मर्जीने येते आणि आपल्या मर्जीने दांडी मारते. डॉक्टर म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही. ती तीन बीजं आहेत तिथे आहेत. त्यांचं काही होईल, न होईल. दर वर्षी क्लिनिकचा कागद येतो आणि ती त्यावर सही करते. तो कागद दिसला की मी उगाच स्वयंपाकघरात जाते.

पाच दिवसांबद्दल मी तिला कधी काही बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. ती आता एका ऑफिसात नोकरी करते, सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी थकून येते. आम्ही दोन थकलेल्या बाया एका घरात राहतो आणि कोणी जास्त थकलं यावरून भांडतो.

यंदाच्या डिसेंबरात मी तो धडा पूर्ण शिकवला. फुलाचं झालं, माणसाचं पान आलं, आणि मी पुस्तक मिटलं नाही. फळ्यावर ती चिठ्ठीवरची आकृती काढली. घसा बसला, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं. मुली आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, मग एकीने हात वर करून प्रश्न विचारला आणि दुसरीने त्याच्यावर प्रश्न विचारला. दोन तास लागले. तिसऱ्या बाकाकडे मी फारसं बघितलं नाही. घरी आले तेव्हा पाय सुजले होते.

संध्याकाळी आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसलो होतो. मी तिला सांगितलं की आज तो धडा शिकवला, सगळा. ती म्हणाली, अच्छा. मग मी आणखी एक शेंग सोलली, आणि तीन वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हणाले, तुझे पाच दिवस मी खाल्ले. तुला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुझ्या बापाचं निमित्त केलं, पण तो शब्द माझ्याच तोंडातून निघत नव्हता. ते दिवस असते तर तिनाची सहा-सात झाली असती.

तिने शेंगा खाली ठेवल्या.

"आत्या, मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहले ही दिन. ब्लड की लाइन में खड़े-खड़े फोन पे सब पढ़ लिया था मैंने."

मी म्हणाले, "मग बोलली काहून नाहीस?"

"मी रोज विचारून राहिले होते ना, डॉक्टर आणखी काही बोलले का. तू रोज नाही म्हणायचीस. मला वाटलं, तू नाही म्हणते म्हणजे ते बीजं ठेवणं माझ्यासाठी नसेलच. लाज पण वाटायची. तुझ्याशिवाय विचारणार कोणाला?"

डॉक्टरांच्या खोलीत ती माझ्याकडे का बघत राहिली होती, ते मला त्या क्षणी कळलं. ती मला शेवटची संधी देत होती, आणि मी फरशी बघत होते.

ती जवळ सरकली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तूच तर म्हणायचीस ना, घर से पढ़कर आना. मैं पढ़कर आई थी, आत्या. तूने पूछा ही नहीं."