लोडरचा डावा दांडा

त्या आठवड्यात मी त्या लोडरला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या जन्मात कुणाला घातल्या नसतील. उंब्रजच्या अलीकडं एका मोठ्या गोठ्यात शेण ओढायचं काम आमच्या थोरल्या दादांकडं होतं. यंत्र जुनं, तिसऱ्या हातातलं. त्याला गाडीसारखं स्टिअरिंग नाही; दोन मुठींत दोन दांडे. दोन्ही सारखे ढकलले की सरळ चालतं, डावा कमी पडला की डावीकडं वळतं. आणि आता ते सारखं डावीकडंच जायला लागलं होतं. सोमवारी शेण उचलायची पुढची बकेट गव्हाणीवर आदळली, वासरू वीतभर अंतरानं वाचलं. गोठ्याचा मालक भला माणूस, पण त्यानंही हात जोडले. "शनिवारी सरळ चाललं तर ठीक, न्हाईतर मी दुसरा गडी बघतो."

दादा म्हणजे पलटणीतले ड्रायव्हर. बर्फात, घाटात गाड्या चालवून आलेले. चालवणं सुटलं तर हा माणूस जगायचा नाही, हे मला आणि वहिनींना पक्कं ठाऊक होतं. मी पडलो मेकॅनिक. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

चाकं ओंडक्यांवर उचलली, सीटखालचा पत्रा काढला. दांडा ढकलला की खालचा रॉड हलायच्या आधी तो दोन बोटं नुसताच डुलायचा. सापडला चोर, म्हटलं! पिन झिजलेली, ती ज्या नळीत बसते त्या बुशचं भोक लांबट झालेलं. कराडला लेथवर नवं बुश करून घेतलं, पिन बदलली, नट आवळले. दादा बसले. यंत्र डावीकडं. बुधवारी दांडा मधोमध आणणारी स्प्रिंग बदलली. डावीकडं. गुरुवारी रॉड आट्याआट्यानं जुळवला, टायरची हवासुद्धा मोजली. तरी डावीकडंच! डोकं फिरलं. पाना भिंतीवर फेकून मारला आणि ओरडलो, "आवं दादा, भंगारात घाला ही अवदसा!" दादा उतरून नळावर हात धुवायला गेले.

तुम्ही म्हणाल, येड्या, स्वतः चालवून का नाही बघितलंस? तर आमच्यात ते होत नाही. दादांच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा त्यांनी पलटणीतून आणलेला नियम. मी दुरुस्त करायचं, चालवून बघायचं त्यांनी. बापाच्या जागी असलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा?

शुक्रवारी दुपारी ते जेवायला गेले तेव्हा मोडला. चपला काढून वर चढलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्र सुतात गेलं. मागं आणलं, परत नेलं. सुतात! आधी आनंदानं एकटाच हसलो. मग इंजिन बंद केलं. यंत्र तर कधीच नीट झालं होतं.

वळून बघतो तर दादा दारात उभे. मी घाईघाईनं उतरलो.

"आवं दादा, जरा ढिलंच हाय अजून," मी खोटं बोललो. "एक नट ऱ्हायलाय. उद्या सकाळी..."

"गप रं." ते जवळ आले, खाली उभं राहूनच त्यांनी डाव्या हातानं दांडा धरला आणि ढकलला. मूठ वळली, पण जोर येईना. मनगट थरथरलं आणि हात हळूहळू मागं सरकला.

"दिवाळीपास्नं हाय ह्ये," दादा म्हणाले. "कुनाला बोललो न्हाई. तू पिन झिजल्याली दावलीस तवा लय बरं वाटलं, गड्या. म्हटलं, सुटलो, मशिनीचंच हाय. चार दिस नीट झोपलो बघ."

मला रडू आवरेना. दादा रडले नाहीत.

"सोमवारी दवाखान्यात चल माझ्यासंगं," म्हणाले. "पर उद्याचं शेण तू ओढ. सरळ ओढ."