गुलबर्ग्यातले तीन उमेदवार

नोकरी लागली की माणसाकडं सांगण्यासारखं फारसं उरत नाही. सगळे किस्से असतात ते नोकरी शोधतानाचे. आता गावातली पोरं माझ्याकडं सल्ला विचारायला येतात, "तात्या, अर्ज कसा करू, कुणाला भेटू?" मी सल्ला द्यायला म्हणून बसतो आणि एका किश्श्याला दुसरा चिकटून येतो. पोरांचा चहा गार होतो, पण उठत कुणी नाही.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आम्ही तिघं गुलबर्ग्यात एका खोलीत राहून नोकरी शोधत होतो. मी खटकचिंचोळीचा, शेतकऱ्याच्या घरचा. शिवप्पाच्या बापाचं भालकीत किराणा दुकान. आणि मल्हारी खजुरीचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला; शाळेची पायरी चढलेला घरात तो पहिलाच. तिघंही उर्दूतून मिडल पास. निघताना तिघांनीही घरी एकच सांगितलेलं, नोकरी घेऊनच येतो. त्यामुळं परत जायची सोय राहिली नव्हती.

* * *

अर्ज उर्दूत लागायचा. आम्हाला उर्दू वाचता यायची, पण कचेरीला शोभेल अशी लिहिता यायची नाही. कचेरीच्या व्हरांड्यात एक म्हातारे मुन्शी लोकांचे अर्ज लिहीत बसायचे. मल्हारीनं त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, न वाचता सही ठोकली आणि सगळ्यांच्या आधी साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मायेनं विचारलं, "बीवी अच्छी हो गई?"

मल्हारीचं तर लग्नच व्हायचं होतं. पण साहेबाला उत्तर दिलंच पाहिजे. तो म्हणाला, "अजून झाली न्हाई, साहेब."

"हो जाएगी. कब तक?"

"नोकरी लागली की."

मुन्शींनी गडबडीत त्याला भलताच मजकूर उतरवून दिला होता: बायको आजारी आहे, चार दिवस घरी जाऊ द्यावं. साहेब दयाळू होते. ज्याला नोकरीच नव्हती, त्याची चार दिवसांची रजा मंजूर झाली.

तेव्हा पोरांनो, सही करायच्या आधी वरचं वाचा.

* * *

कुणीतरी मला सांगितलं, मोठे साहेब पौर्णिमेला गाणगापूरला दर्शनाला येतात, तिथं गाठ. मी पहाटेच संगमावर हजर. नदीतून एक गृहस्थ आंघोळ करून वर आले आणि कपडे चढवून तयार झाले. जरीचं पागोटं, स्वच्छ कोट, चालण्यात रुबाब. हेच साहेब, मी ओळखलं.

मी त्यांचे ओले कपडे पिळले. देवळापर्यंत गाठोडं वाहिलं. रांगेत त्यांची जागा धरून उन्हात उभा राहिलो, तर त्यांनी मलाच सावलीत बसवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले. जेवतानाही माझंच पान आधी वाढायला लावलं. एवढा मोठा अधिकारी आणि एवढा नम्र! आज काम होणारच.

प्रसाद झाल्यावर मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हात जोडले. "आता साहेबांना माझं नाव तेवढं सांगा."

"कोणत्या साहेबांना?"

"तुम्ही साहेबांचं माणूस न्हवं? म्या औरादहून नोकरीसाठी आलोय. हे पागोटंबी मेव्हण्याचं हाय."

* * *

शेरवानीशिवाय कुणी आत घेत नसे, आणि तिघांत शेरवानी एकच, शिवप्पाची. एका कारखान्याच्या ऑफिसात मल्हारी ती घालून गेला. साहेबांनी अर्ज मागितला. ह्यानं खिशात हात घातला आणि हाताला लागला तो कागद दिला. तो होता शिवप्पाचा अर्ज.

"शिवप्पा? दुकानाचा हिशेब येतो?"

आता नाही कसं म्हणायचं? मल्हारी म्हणाला, "व्हय."

"उद्यापासून या."

मल्हारी धावतच खोलीवर आला. शिवप्पा दुपारचा घोरत होता. त्याला हलवून म्हणाला, "ऊठ. तुझी नोकरी लागली."

"म्या तर झोपलो होतो की."

"म्हणूनच लागली. मधी बोलला असतास तर गेली असती."

दुसऱ्या दिवशी शिवप्पा कामावर गेला. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत दोनदा न्याहाळलं. "काल तुम्ही उंच होता."

शिवप्पा म्हणाला, "शेरवानी तीच हाय, साहेब."

तिथं तो पुढं हेडक्लार्क झाला.

* * *

माझी नोकरी लागली ती दुसऱ्यांच्या अर्जांमुळं. मल्हारीच्या त्या रजेनंतर मी मुन्शींकडून अक्षर घोटून घेतलं होतं. मग दोघा मित्रांचेच काय, व्हरांड्यात भेटेल त्याचे अर्ज मी लिहून देऊ लागलो. एक दिवस चपराशी मला शोधत आला, "साहेब बुलारे."

टेबलावर वीसेक अर्ज पसरलेले. नावं वीस, अक्षर एकच.

"तू एकटाच वीस नावांनी अर्ज करायलास?"

मला तुरुंगच दिसायला लागला. मी म्हटलं, "नाही साहेब, माणसं खरी आहेत. अक्षर तेवढं माझं."

साहेबांनी विचारलं, "आणि तुझा स्वतःचा अर्ज कुठाय?"

तो मी केलाच नव्हता. त्यांनी तिथंच बसवून लिहून घेतला आणि मला नकला उतरवायच्या कामावर ठेवलं.

* * *

राहिला मल्हारी. त्याची पोलीस खात्यातली निवड झाली, पण मुलकी दाखला आडवा आला. निजामाच्या मुलखात जन्मलेला आहे हे दाखवल्याशिवाय सरकारी नोकरी नाही. खजुरी हद्दीवर, मेंढरं चरत कधी अलीकडं, कधी पलीकडं. जन्म नक्की कुठला, कागद कुणाकडंच नव्हता. आम्ही त्याच्या मायला साक्षीला बोलावलं. ती खजुरीहून दोन दिवस चालत आली.

कचेरीतले साहेब गोरेपान, अदबशीर. त्यांची उर्दू लखनौकडची, इतकी नाजूक की निम्मी आम्हाला कळायचीच नाही. मी मध्ये उभा राहून सांगत होतो.

"बाई, मुलगा हद्दीच्या कोणत्या बाजूला झाला?"

"हिकडल्या."

"कशावरून?"

"पाणी हिकडं होतं. पाणी सोडून बाळंतीन तिकडं कामून जाईल?"

साहेबांनी मान हलवली. "ही साक्ष पुरेशी नाही. बाहेरच्या माणसाला इथली नोकरी देता येत नाही, असा कायदा आहे."

मायच्या बोलण्यात राग नव्हता, आपल्या पोराएवढ्या माणसाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं, "आन तुमची माय कुठं बाळंत झाली व्हती, बाबा?"

मी ते उर्दूत सांगायला तोंड उघडलं.

साहेब म्हणाले, "रहने दो. शिक्का आणा."